उठताना मशीनचं बटण बंद करावं का?

इंदूरच्या सुदामानगरातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते:

"मी घरच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. महेश्वरीचे ब्लाउज, अस्तर लावलेले कुर्ते, गौरी-गणपतीच्या आधी शिवलेल्या नऊवारी. दोन मशिनं आहेत. एक सासूबाईंचं जुनं काळं मशीन, त्याला छोटी मोटार बसवून घेतली. दुसरं मागच्या वर्षी एका बंद होणाऱ्या कारखान्यातून घेतलेलं, टेबलाखाली जड मोटार असलेलं. कुकरची शिट्टी, दारात गिऱ्हाईक, मुलाची शाळेची व्हॅन, अशी मी दिवसभर उठ-बस करत असते. सासूबाई म्हणतात, उठलीस की बटण बंद कर. हे म्हणतात, सारखं चालू-बंद केलं तर मोटार जळेल, आणि चालू करतानाच जास्त वीज जाते. मदतीला येणारी मुलगी तर सुई ओवतानासुद्धा बंद करत नाही, वेळ जातो म्हणते. इस्त्री मात्र मी चालूच ठेवते, कारण पुन्हा तापायला वेळ लागतो. घरात तीन वर्षांची पुतणी असते, ती सारखी टेबलाखाली खेळते. नक्की काय करावं? आणि मेकॅनिक म्हणतो की सर्वो मोटार बसवा. त्यात अर्थ आहे का?"

ताई,

मोठ्या मशीनवरून उठलात की लाल बटण दाबायचं. दोन मिनिटांसाठी उठलात तरी दाबायचं. इथे सासूबाईंचं शंभर टक्के खरं आहे. काळ्या मशीनला इतकं काटेकोर नसलं तरी चालेल, पण खोलीबाहेर जाताना तेही बंद करा. आणि सुई ओवताना, सुई बदलताना, बॉबीन काढताना, तेल घालताना दोन्हीपैकी कुठलंही मशीन चालू नको. या शेवटच्या बाबतीत मी कुणालाच सूट देणार नाही, तुमच्या मदतनीस मुलीला तर मुळीच नाही.

तुमच्या मोठ्या मशीनखाली जी जड मोटार आहे ती बहुतेक क्लच मोटार असणार. जुन्या कारखान्यांतली मशिनं याच मोटारीवर चालायची. ओळखायची खूण सोपी आहे: हिरवं बटण दाबल्यावर पायडलला पाय न लावताही टेबलाखालून सतत घूं असा आवाज येत राहतो. ही मोटार एकदा सुरू केली की तुम्ही शिवा अथवा बसून राहा, आत पूर्ण वेगाने फिरतच असते. पायडल दाबलं की क्लचची चकती त्या फिरत्या चाकाला भिडते, पट्टा ओढला जातो आणि वर सुई धावू लागते. म्हणजे तुम्ही चहा पीत बसलेल्या असता तेव्हाही गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, अशी उभी असते. कुणाचा पाय पडायचा तेवढा अवकाश.

आणि ती धावते किती? अशी मशिनं मिनिटाला 4,000 ते 5,000 टाके घालण्यासाठी बनवलेली असतात. सेकंदाला सत्तर-ऐंशी टाके. घरगुती मशीन याच्या पाव वेगानेही पळत नाही. त्यामुळे ज्या बाईचा हात घरच्या काळ्या मशीनवर बसला आहे, तिला 'पाय चुकून लागला तरी मी हात काढीन' असं वाटत असतं. काळ्या मशीनवर ते कधीकधी जमतंही. या मशीनवर जमत नाही.

आणखी एक गोष्ट कारखान्यातल्या जुन्या कारागिरांना ठाऊक असते, पण घरी मशीन आणणाऱ्यांना कुणी सांगत नाही. लाल बटण दाबलं म्हणजे मोटार लगेच थांबली असं नसतं. आतलं जड चाक स्वतःच्या वेगावर बराच वेळ फिरत राहतं, आणि त्या वेळात पायडल दाबलं गेलं तर सुई खाली येते. बटण बंद, दिवा विझलेला, आणि तरी सुई बोटात. म्हणून बटण दाबल्यावर घरघर पूर्ण थांबेपर्यंत सुईजवळ बोट नेऊ नका. घाई असेल तर कापड दाबून धरणाऱ्या फूटखाली एक चिंधी सरकवा, दोन्ही हात मांडीवर घ्या आणि पायडल हलकेच दाबा. उरलेला वेग चार टाक्यांत संपतो आणि चाक थांबतं. मग निवांत ओवा.

आता यजमानांचं म्हणणं घेऊ. त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते उडवून लावू नका. अशी मोटार सुरू होताना पहिला सेकंद-दोन सेकंद नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, हे खरं. पण ते सेकंद-दोन सेकंदांपुरतं. त्यात जितकी वीज जाते तितकी काही सेकंद मोटार चालली तरी जाते. त्यामुळे बिलाच्या दृष्टीने 'चालू ठेवलेलं स्वस्त' हा हिशेब बसत नाही. राहता राहिला मोटार जळण्याचा प्रश्न. पाच मिनिटांत दहा वेळा चालू-बंद केलं तर आतली वायंडिंग खरोखर तापेल, आणि सुरू करताना लागणारा कपॅसिटरही लवकर जाईल. म्हणून बसल्या जागी धागा कापताय, पुढचा तुकडा उचलताय, शिलाई उलटून बघताय, अशा वेळी दरवेळी बटणाशी खेळू नका. पण तुमचं उठणं दिवसातून दहा-पंधरा वेळा, मध्ये बराच वेळ सोडून होणारं. तेवढ्यासाठी ती मोटार बनवलेलीच आहे. मोटार खरी जळते ती वेगळ्याच कारणांनी. व्होल्टेज कमी असताना चालू केली, ती नुसती गुणगुणत राहिली, फिरली नाही, आणि बाई वाट बघत बसली, की गेली. तसंच आत कापसाचा भुगा साठून हवा जायची भोकं बुजली की तीही तापते. गुणगुण ऐकू आली आणि फिरण्याचा आवाज आला नाही, तर लगेच बंद करा. आणि महिन्यातून एकदा प्लग काढून त्या भोकांवरचा भुगा ब्रशने झाडा.

बिलाचा वाद घरात तोंडी मिटणार नाही. तो मीटरवर मिटवा, आणि हे काम यजमानांकडे द्या. मीटरवर लाल दिवा मिचकतो, आणि जवळच एका युनिटला किती मिचक्या ते छापलेलं असतं. पुष्कळ मीटरवर हा आकडा 3200 असतो, तुमच्यावर जो असेल तो घ्या. रविवारी दुपारी घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा प्लगसुद्धा काढा, आणि मोठं मशीन फक्त चालू करून ठेवा, शिवू नका. दहा मिनिटांत किती मिचक्या होतात ते मोजा. समजा 80 झाल्या. म्हणजे तासाला 480, आणि 3200 ने भागलं की 0.15 युनिट. दिवसभरात तुमच्या सगळ्या उठण्याचे मिळून तीन तास होत असतील आणि महिन्याला 26 दिवस काम असेल, तर साडेअकरा-बारा युनिट नुसत्या घूंवर गेली. युनिट 7 रुपये धरलं तर 80 रुपयांच्या आसपास. तुमचा आकडा याहून कमी-जास्त निघेल. काळ्या मशीनचीही अशीच मोजणी करा. पायडलला पाय नसताना तिथे मिचक्या जवळजवळ होणारच नाहीत, फक्त त्याच्या दिव्याच्या होतील. जुना 15 वॅटचा गोळा असेल तर तीन तास रोज जळून महिन्याला एक-सव्वा युनिट. एलईडी असेल तर मोजण्यासारखं काही नाही.

काळ्या मशीनची छोटी मोटार वेगळ्या जातीची. पायडल दाबलं की तिला वीज मिळते, सोडलं की तुटते. म्हणून ती चालू ठेवून तुम्ही पाच मिनिटं भाजीला फोडणी घालून आलात तर मोटारीचं काही बिघडत नाही. एवढंच बघा की पाय काढल्यावरही मोटार बारीक गुणगुणत नाही ना, आणि पायडल हाताला गरम लागत नाही ना. जुन्या पायडलच्या आतले भाग झिजले की पाय नसतानाही थोडी वीज मोटारीत झिरपत राहते. मोटार फिरत नाही, पण तापते. तसं आढळलं तर पायडल बदला. तिथे दुरुस्तीच्या नादी लागू नका.

मग काळं मशीन खोलीबाहेर जाताना बंद का करायचं? कारण पायडल जमिनीवर असतं. त्यावर कापडाचा गठ्ठा सरकून पडतो, कात्रीचा डबा ठेवला जातो. आणि तुमच्या घरात तीन वर्षांची मुलगी टेबलाखाली खेळते. ताई, पत्रात हे वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. माझ्या मते सगळ्या पत्रात महत्त्वाचं ते हेच. पायडल हे मुलांना खेळणंच वाटतं. एक मूल खाली पायडलवर बसतं आणि वर कुणाचा तरी हात सुईखाली असतो, किंवा तेच मूल पट्ट्यात बोट घालतं. सेकंडहँड मशीनच्या पट्ट्यावरचं झाकण बऱ्याचदा हरवलेलं असतं. आधी ते आहे का बघा, नसेल तर याच आठवड्यात बसवून घ्या. पदर, ओढणी, मुलींच्या वेण्या, सगळं त्या पट्ट्यात जाऊ शकतं. मोठ्या मशीनला उठताना बटण बंद करण्याबरोबर भिंतीवरचा स्विचही बंद करा, कारण मशीनचं हिरवं-लाल बटण टेबलाच्या खालच्या कडेला, नेमकं मुलांच्या हाताच्या उंचीवर असतं. भिंतीवरचा स्विच पुतणीचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी घेता आला तर इलेक्ट्रिशियनला पैसे द्या आणि घ्याच.

लाईट गेल्यावरही हेच. तुम्ही शिवत असता, लाईट जाते, मशीन थांबतं आणि तुम्ही उठून स्वयंपाकघरात जाता. मोठ्या मशीनचं बटण खटक्याचं असतं, दाबलं तिथेच राहतं. तासाभराने लाईट आली की कुणी नसलेल्या खोलीत मोटार आपोआप सुरू होते. रात्री लाईट गेली आणि तुम्ही तशाच झोपायला गेलात, तर ती पहाटेपर्यंत फिरत राहील. म्हणून लाईट गेली की पहिलं काम लाल बटण. मग मेणबत्ती.

मदतीच्या मुलीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. ती आळशीपणाने बटण बंद करत नाही असं मला वाटत नाही. परदेशीपुऱ्याकडे काय किंवा गल्लीबोळातल्या छोट्या कारखान्यांत काय, काम पीसवर असतं. जितके नग तितके पैसे. तिथे धागा तुटला की मोटार थांबायची वाट बघणं म्हणजे नग कमी होणं. अशा ठिकाणी शिकलेली मुलगी पाय पायडलवर ठेवूनच, डोळे सुईच्या नेढ्याला लावून ओवते. दिवसात वीस-पंचवीस वेळा. शंभरदा काही होत नाही, म्हणून सवय घट्ट होते. तिला नुसतं 'बंद करत जा' सांगून उपयोग होणार नाही, कारण तिच्या डोक्यात ते सेकंद पैशाचे आहेत. तुम्ही तिला नगावर पैसे देत असाल तर स्पष्ट सांगा की ओवताना बंद करण्याने जे दोन-चार नग दिवसाला कमी पडतील त्याचे पैसे कापले जाणार नाहीत. नऊवारीच्या घाईत, गिऱ्हाईक दारात उभं असताना तुम्ही स्वतः 'आटप लवकर' म्हणालात, तर ती पुन्हा तशीच ओवेल. आणि तिने बंद केलं म्हणून घरातल्या कुणी तिला टोकू नये. ज्याचा हात सुईखाली, त्याचं बटण, हे सगळ्यांना एकदा बसवून सांगा.

तोपर्यंत एक गोष्ट तिला आजच शिकवा: ओवायचं तेव्हा पाय पायडलवरून उचलून बाजूला, जमिनीवर. बटण बंद करण्याऐवजी नव्हे, त्याच्या जोडीला. आणि नजर कमी झाली असेल तर सुई ओवायची तारेची ओवणी घ्या. अगदी थोड्या पैशात मिळते, सीतलामाता बाजारात अस्तर आणायला जाल तेव्हा जवळपासच्या दोरा-बटणाच्या दुकानात विचारा.

इतकं करूनही कधी सुई बोटात गेलीच, तर काय करायचं तेही घरात सगळ्यांना माहीत हवं. आधी बटण बंद. बोट ओढायचं नाही, ओढल्याने सुई आत मोडते. मोटार थांबली की हाताने चाक फिरवून सुई वर घ्यायची. मोडलेल्या सुईचे तुकडे जुळवून बघायचे. टोक सापडत नसेल तर ते बोटात आहे असंच समजायचं, चिमट्याने उकरत बसायचं नाही. एम. वाय. हॉस्पिटलला किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढायचा. टोक सापडलं तरी जखम स्वच्छ धुऊन डॉक्टरांना दाखवायची आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं. वरून टोचलेली जखम छोटी दिसते आणि बायका त्यावर हळद दाबून पुन्हा शिवायला बसतात. आत पू झाला तर महिनाभर बोट वाकत नाही.

सुई बदलताना आणि तेल घालताना मी नुसतं बटण पुरेसं मानत नाही, प्लगच काढावा. जुन्या घरांत कधीकधी स्विच चुकून न्यूट्रलच्या तारेवर लावलेला असतो. दिवा विझतो, मोटार थांबते, पण तारेत वीज उभीच असते, आणि काळ्या मशीनचं अंग तर सगळं लोखंडाचं. मशीनला हात लावल्यावर कधी झिणझिण्या आल्या असतील तर ते पावसाळ्याच्या दमटपणावर घालवू नका. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. दोन्ही मशिनांना तीन पिनांचा प्लग हवा आणि मोठ्या मशीनच्या लोखंडी स्टँडलाही अर्थिंगची तार जोडलेली हवी. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर चिंध्यांच्या ढिगात पडलेला असेल तर तो उचलून टेबलाच्या पायाला बांधा.

आणि इस्त्री. मशीन चालू राहिलं म्हणून घर पेटल्याचं क्वचितच ऐकाल. इस्त्रीने पेटतं. 1,000 वॅटची इस्त्री तुमच्या दोन्ही मशिनांपेक्षा जास्त वीज ओढते, थर्मोस्टॅटने मधून मधून बंद होत असली तरी. त्यातून तिच्याभोवती अस्तर, कॅनव्हास, जरीचं कापड पडलेलं असतं. पुन्हा तापायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढी लागू द्या. शिवण दाबायचं काम साठवा: चार ब्लाउजच्या शिवणी एकदम दाबल्या की इस्त्री दिवसातून दोन-तीनदाच तापवावी लागेल. दारात गिऱ्हाईक आलं तर मशीनच्याही आधी इस्त्रीचा स्विच.

आता सर्वोचं. मेकॅनिक बरोबर सांगतो आहे. माझ्या मते पुढचा मोठा खर्च तुम्ही हाच करावा, नव्या टेबलाआधी आणि पिकोच्या मशीनआधी. सर्वो मोटार पायडल दाबलं तेव्हाच फिरते, सोडलं की थांबते. घूं आवाज बंद, रिकाम्या वेळी वीज जेमतेम काही वॅट. तिच्यावर 550 वॅट वगैरे लिहिलेलं असतं, ते बघून यजमान दचकतील. तो तिच्या ताकदीचा आकडा आहे, शिवताना सरासरी लागणारी वीज त्याहून पुष्कळ कमी. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तिला वेग ठरवायचं बटण असतं. मदतनीस मुलीसाठी तो कमी करून ठेवा. कितीही जोरात पायडल दाबलं तरी मशीन त्यापुढे पळणार नाही. साधारणपणे ती जुन्या मोटारीच्याच जागी, त्याच टेबलाला बसते. पट्टा मात्र लहान-मोठा लागू शकतो, तो मेकॅनिकला मापूनच आणायला सांगा, आणि पट्ट्याचं झाकण त्याच फेरीत बसवून घ्या.

पण सर्वो आली म्हणून सुई ओवताना बंद करणं सुटत नाही. ती गप्प असते, त्यामुळे चालू आहे की बंद ते कानाला कळत नाही, बटणाकडे बघावं लागतं. तिच्या नियंत्रणाच्या डब्याला घरी हात लावू नका. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काही मिनिटं साठून राहते. आणि विजा कडाडत असतील तेव्हा तिचा प्लग काढून ठेवा, कारण आतली इलेक्ट्रॉनिक पाटी क्लच मोटारीइतकी दणकट नसते.

गौरी-गणपतीची गर्दी सुरू व्हायच्या आधी बसवून घ्या. नव्या मोटारीच्या पायडलचा अंदाज यायला थोडे दिवस जातात, आणि ते दिवस नऊवारीच्या काठांवर जायला नकोत.